हिशेब पहिल्या रुपयापासून

अफजलपूरहून दक्षिणेकडे निघाले की भीमा आडवी येते. आज तिच्या दोन्ही काठांवर कर्नाटकच आहे. अलीकडे कलबुर्गी जिल्हा, पलीकडे विजयपूर. १८७९ मध्ये मात्र ही नदी दोन राज्यांमधली हद्द होती. उत्तरेचा काठ निजामाचा, दक्षिणेचा इंग्रजांच्या कलादगी जिल्ह्यातला. त्या वर्षीच्या २० जुलैला दक्षिणेकडच्या देवर नावदगी गावात मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी वासुदेव बळवंत फडके यांना पकडले. फडके पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातले कारकून. १८७६-७८ च्या दुष्काळात माणसे कशी मेली हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी रामोशांना हाताशी धरून सावकारांवर धाडी घातल्या, निजामाच्या मुलखात रोहिले आणि अरब शिपाई जमवण्याची खटपट केली आणि अखेर या सरहद्दीवर त्यांची धाव संपली. एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

फडक्यांच्या अटकेला तीन महिने होतात न होतात तोच सरकारने एक कायदा केला. डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट, १८७९ चा १७ वा. फडक्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे, चौकाचौकात आहे. या कायद्याची आठवण मात्र जुने वकील सोडले तर फारशी कोणाला उरलेली नाही. कर्जाखाली पिचलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या वर्षातली सर्वांत मोठी घटना हा कायदाच होता असे मला वाटते. त्याने कर्ज माफ केले नाही. त्याने न्यायाधीशाला एक हुकूम दिला: सही किंवा अंगठा कशावर आहे तेवढे पाहून थांबू नका, देणेघेणे सुरू झाले त्या दिवसापासूनचा हिशेब काढा.

हा हुकूम का द्यावा लागला, हे समजायचे तर भीमेच्या वरच्या अंगाला जावे लागते.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी थैल्या मोकळ्या सोडल्या. कुणब्याला मागेल तेवढे कर्ज मिळू लागले. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले आणि उधारीचा ओघ आटला. नेमक्या याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर आणि भीमथडी भागात नव्या मोजणीप्रमाणे सारा वाढवण्यात आला. पीक असो वा नसो, सारा रोखीत भरायचा. रोख फक्त सावकाराकडे.

इथपर्यंतची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. तिच्या पोटातली एक बारीक कळ मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटते आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या रोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता. जुन्यापुराण्या कर्जांचे भूत कुळाच्या मानगुटीवर बसू नये. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावून घेई आणि म्हणे, रोखा मुदतीबाहेर जातोय, नवा लिहून दे. नवा रोखा लिहिताना तोपर्यंतचे सगळे व्याज मुद्दलात मिळवले जाई. वर मनोती, म्हणजे कर्ज देतानाच सावकार कापून घेई ती रक्कम, वेगळी.

आकडे मांडून पाहा. समजा शंभर रुपयांचे कर्ज, शेकडा दरमहा दोन रुपये व्याज. त्या काळात हा दर मुळीच जगावेगळा नव्हता. तीन वर्षांत ७२ रुपये व्याज झाले, नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो २९६ चा. नवव्या वर्षी ५०९ चा. व्याज मुद्दलात न मिळवता सरळ मोजले असते, तर नऊ वर्षांनी मुद्दलासकट ३१६ रुपये निघाले असते. आणि दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये हा धर्मशास्त्रातला दंडक, पाळला असता तर जास्तीत जास्त २००. दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये मानत होतीच. पण नव्या रोख्यात मुद्दलच ५०९ लिहिलेले असल्यावर दुप्पट कशाची मोजणार? कोर्टासमोर एकच कागद, त्यावर अंगठा, खाली दोन साक्षीदार. मागचे तीन रोखे सावकाराने फाडून टाकलेले किंवा दप्तरात बांधून ठेवलेले. कुळ बहुधा कोर्टात हजरच होत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई, कोर्टाचा नाझर जप्तीला येई.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये असाच एक हुकूमनामा बजावण्यात आला. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांचे घर ताब्यात घेतले आणि पाडायला काढले. देशमुख गावातले मानाचे. गावाने सावकाराला वाळीत टाकले. त्याच्या शेतावर नांगर चालेना, न्हावी हजामत करीना, परीट कपडे घेईना, पाणी भरायला माणूस मिळेना. काळूरामला पोलिसांच्या बंदोबस्तात गाव सोडावे लागले. करड्याची बातमी आजूबाजूच्या गावांत पसरली आणि बहिष्काराचे लोण वाढत गेले.

१२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला आठवड्याचा बाजार होता. बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या घरांवर हल्ला चढवला. त्यांना हवे होते कागद. रोखे, गहाणखते, हुकूमनामे, खातेवह्या बाहेर काढून रस्त्यात जाळण्यात आल्या. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले. जिथे सावकाराने निमूटपणे कागद हवाली केले तिथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. एवढा मोठा दंगा होऊन रक्तपात जवळजवळ झाला नाही, याची नोंद सरकारी चौकशीनेही घेतली. परके म्हणून मारवाडी आणि गुजर सावकारांवर राग अधिक निघाला आणि गावातल्या देशी सावकाराला अनेक ठिकाणी वगळले गेले, हेही खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. दंग्यात ९५१ माणसे धरली गेली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

अडाणी शेतकऱ्याला कायदा कळत नव्हता असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याला नेमके कळले होते की कोर्टात आपल्याविरुद्ध उभा राहतो तो कागद, आणि त्या कागदामागचा हिशेब विचारण्याची सोय कुठेच नाही. म्हणून त्याने कागद जाळला. जाळल्याने कर्ज बुडाले नाही, तो स्वतः तुरुंगात गेला. पण सरकार हलले. चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला. समितीतले ऑकलंड कोल्व्हिन यांनी वाढीव साऱ्याकडे बोट दाखवले. ते सरकारला रुचणारे नव्हते. मधे दोन वर्षे दुष्काळाची गेली. मग फडके. मग कायदा.

या कायद्याची कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. बाराव्या कलमाने न्यायाधीशावर बंधन घातले की शेतकरी प्रतिवादी असेल तर, त्याने रक्कम कबूल केली एवढ्यावरच न थांबता, व्यवहाराचा मागचा सगळा इतिहास तपासायचा. तेराव्या कलमाने हिशेबाची रीत सांगितली: मुद्दलाचे खाते वेगळे, व्याजाचे वेगळे; व्याज मुद्दलात मिळवायचे नाही. नुसत्या कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात ती विकता येणार नाही. रोखे गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हायचे, म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याला आळा. आणि शेवटाकडची तीन कलमे तर मला फार मोलाची वाटतात. पैसे फेडले की लेखी पावती मागण्याचा शेतकऱ्याला हक्क, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क, आणि मागेल त्याला पासबुक. न दिल्यास सावकाराला दंड. १८७९ सालची ही गोष्ट आहे.

महादेव गोविंद रानडे या कायद्याच्या अंमलबजावणीत अनेक वर्षे होते. तालुक्यांतल्या मुन्सफ कोर्टांचे दप्तर तपासणे, निकालांत हिशेब नीट काढला आहे की नाही हे पाहणे, चुकलेला निकाल दुरुस्त करणे, हे त्यांचे काम. १८८७ ते १८९३ या काळात ते या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश होते आणि तेथूनच मुंबई उच्च न्यायालयात गेले. रानडे म्हटले की आपल्याला सभा, व्याख्याने आणि अर्थशास्त्रावरचे निबंध आठवतात. खेड्यातल्या कोर्टाची कागदपत्रे उलटत, कुणब्याच्या मुद्दलात किती व्याज मिसळले आहे हे शोधणारे रानडे कोणी चितारले नाहीत. त्याच काळात इंग्रज अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र बँक काढण्याची योजना मांडली होती. ती लंडनला अडली.

कायद्यातून पळवाटा निघाल्याच. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे आणि जमीन परत करण्याचे तोंडी वचन द्यायचे, ही युक्ती इतकी बोकाळली की पुढे कायद्यात दुरुस्ती करून कोर्टाला त्या खरेदीखतामागेही पाहण्याचा अधिकार द्यावा लागला. पत आटली अशी ओरडही झाली. ती काही अंशी खरी असेल. तरीही ज्या माणसाच्या तीनशे रुपयांचे दीडशे झाले, त्याला विचारावे.

आता अफजलपूरकडे वळू. कायदा सुरुवातीला चार जिल्ह्यांपुरता होता: पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. इतर जिल्ह्यांना तो पुढे टप्प्याटप्प्याने लागू झाला. म्हणजे १८७९ मध्ये अक्कलकोट संस्थानापलीकडच्या सोलापूर जिल्ह्यात न्यायाधीश सावकाराला मागचा हिशेब विचारू शकत होता, पण भीमेच्या दक्षिण तीरावर हा कायदा नव्हता आणि उत्तर तीरावर तर राज्यच निजामाचे. अफजलपूर, गाणगापूर, आळंद या पट्ट्यातल्या ज्वारी-तुरीच्या शेतकऱ्याची पीकपाण्याची, बाजाराची, सोयरिकीची नाती सोलापूरशी. कायदा मात्र हैदराबादचा. गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला देशावरून येणारा आणि तिथेच राहणारा शेजारी, दोघांच्या डोक्यावर सारखेच कर्ज असले तरी एकाला कोर्टात जी दाद होती ती दुसऱ्याला नव्हती.

आणि निजामी मुलखात वसुली करणारा नुसता वाणी नव्हता. हैदराबाद राज्यातले अरब आणि रोहिले शिपाई सावकारीही करत. कर्जदाराच्या दारात हत्यार घेऊन बसायचे, घरातल्यांना बाहेर पडू द्यायचे नाही, प्रसंगी माणूस आपल्याच घरात कोंडून ठेवायचा. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, त्यांना या लोकांना आवर घालण्यात पुष्कळ शक्ती खर्ची घालावी लागली. ज्या रोहिल्यांच्या बळावर फडके सावकारशाही मोडू पाहत होते, त्यांच्यातलेच काही या मुलखात व्याजाची वसुली करत होते, हा इतिहासातला पेच मला अस्वस्थ करतो. हैदराबादला सावकारांवर परवान्याचे आणि हिशेब ठेवण्याचे बंधन घालणारा कायदा झाला तो फसली १३४९ मध्ये, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास. भीमेच्या वरच्या अंगापेक्षा साठ वर्षे उशिरा.

१९४८ ला निजामी गेली, १ नोव्हेंबर १९५६ ला गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. देवराज अरस मुख्यमंत्री असताना १९७६ मध्ये कर्नाटकाने कर्जमुक्तीचा कायदा केला. छोटे शेतकरी, भूमिहीन मजूर आणि दुर्बळ घटक यांची खासगी सावकारांची देणी त्याने संपवली. बँका आणि सहकारी संस्थांची कर्जे त्यातून वगळलेली होती. त्या वेळी यात कोणाला वावगे वाटले नाही. १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, शाखा तालुक्याच्या गावी येत होत्या, पुढे गुलबर्ग्याला मुख्यालय असलेली कृष्णा ग्रामीण बँकही खेड्यांत पोचली. बँक म्हणजे सावकारापासूनची सुटका. तीही हिशेबात गफलत करू शकते, ही कल्पनाच नव्हती.

१५ फेब्रुवारी १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्यात २१-ए हे कलम आले. बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून कोणत्याही कोर्टाने व्यवहार पुन्हा उघडू नये, असे ते सांगते. १९१८ च्या अवाजवी व्याजाच्या कायद्याखाली किंवा राज्यांच्या कर्जनिवारण कायद्यांखाली जे दार किलकिले होते, ते बँकांपुरते लावून घेतले गेले. सुप्यात पेटलेल्या खातेवह्यांनी जे कमावून दिले होते, ते एका कलमाने बँकेच्या कर्जदाराकडून काढून घेतले. हे कलम मला अन्यायाचे वाटते आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे.

दार पूर्ण बंद झाले नाही, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी कर्नाटकातून वर गेलेल्या दाव्यांना जाते. बँका शेतीकर्जावरही दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवत होत्या. शेतकऱ्याला उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा येते. तिमाहीला तो काय भरणार? कॉर्पोरेशन बँक विरुद्ध डी. एस. गौडा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले की रिझर्व्ह बँकेच्या सूचना बँकांवर बंधनकारक आहेत, आणि त्या मोडून व्याज लावले असेल तर २१-ए कोर्टाच्या आड येत नाही. पुढे १८ ऑक्टोबर २००१ ला सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन गोष्टी नक्की केल्या. शेतीकर्जावरचे व्याज वर्षाने, किंवा पिकांच्या फेऱ्याप्रमाणे सहा महिन्यांनी मुद्दलात धरता येईल, त्याहून कमी मुदतीने नाही. आणि दंडव्याज मुद्दलात कधीच मिळवता येणार नाही.

हा फरक किरकोळ वाटेल. बारा टक्क्यांनी घेतलेल्या एक लाखावर तीन वर्षांत तिमाही आणि वार्षिक चक्रवाढीत सुमारे दोन हजार रुपयांचे अंतर पडते. त्यात थकबाकीचे दंडव्याज मिसळा, त्या दंडव्याजावर पुन्हा व्याज चढवा, आणि हे दहा वर्षे चालू द्या. तीन वर्षांनी बदलला जाणारा रोखा इथे दर तीन महिन्यांनी बदलत असतो, आणि अंगठासुद्धा लागत नाही.

२००१ चा निकाल असूनही दंडव्याजाची प्रथा चालत राहिली. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले: हप्ता चुकल्याबद्दल व्याजदरात भर घालून दंडव्याज लावायचे नाही, दंड लावायचा तर वाजवी आकार म्हणून, वेगळा दाखवून, आणि तो मुद्दलात न मिळवता. अंमल २०२४ मध्ये सुरू झाला. बचत खात्याबाबत २०१४ मध्येच सांगितले गेले होते की किमान शिल्लक नाही म्हणून कापलेल्या आकारामुळे खाते उणे होता कामा नये, आणि दंड तुटीच्या प्रमाणात असावा. ज्याच्या खात्यात रोजगार हमीची मजुरी किंवा पीकनुकसानीची मदत येते, त्याच्यासाठी या दोन ओळी म्हणजे महिन्याचा किराणा आहे.

दारातला रोहिलाही गेलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गुंडांकरवी वसुली करणाऱ्या बँकांना कडक शब्दांत सुनावले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले. तरीही २०२५ च्या जानेवारीत कर्नाटकात सूक्ष्मकर्जाच्या वसुलीने माणसे गाव सोडून गेली, काहींनी जीव दिला. १२ फेब्रुवारीला अध्यादेश निघाला: जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. बचतगटातल्या बायकांना हप्त्याच्या दिवशी दारात बसणाऱ्या माणसाविरुद्ध पोलीस ठाण्यात बोलता येईल, हे मोठेच आहे. पण शिक्षा दमदाटीला आहे. देणे मुळात किती, हे त्याने ठरत नाही. ते ठरवायला कर्जखात्याचा पूर्ण उतारा लागतो, पहिल्या वाटपाच्या तारखेपासूनचा. मुद्दल, व्याज, दंड आणि इतर आकार वेगवेगळे दाखवणारा. तो लेखी अर्ज देऊन मागावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. जादा कापलेले परत मागण्याचा अर्जही तसाच. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, विनाशुल्क, वकिलावाचून. अफजलपूर आणि आळंदच्या मराठी घरांतली माणसे इथेच अडतात, कारण बँकेचे फॉर्म कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत चंडीगडच्या केंद्राकडे टपालाने पाठवायची तक्रार कोणत्याही भाषेत लिहिलेली चालते. मराठीतही.